वेळेवर आलेले तीन अभिप्राय

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून, दर शनिवारी सकाळी जी रांग लागायची ती बघून नवख्या माणसाला वाटलं असतं, आत दाताचा डॉक्टर बसलाय. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच काळजी, तीच आशा, आणि आतून बाहेर येणाऱ्याला तोच प्रश्न, "झालं? काय म्हणाले?" फरक एवढाच, की रांगेतल्या प्रत्येकाच्या मुठीत पेन ड्राइव्ह होता. आणि रांग होती प्राध्यापकांची. ज्यांनी जन्मभर पोरांना रांगेत उभं केलं, 'ढकलाढकली करू नका' म्हणून घसा कोरडा केला, तीच माणसं एकमेकांना कोपरानं मागे सारत पुढे सरकत होती.

आत बसायचा तो सल्लागार. त्याच्या कार्डावर 'आंतरराष्ट्रीय संशोधन-प्रकाशन मार्गदर्शक' असं छापलं होतं. स्टाफरूममध्ये त्याला प्रकाशनबुवा म्हणत. आधी थट्टेनं म्हणत, मग आवाज खाली आणून म्हणायला लागले. कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं, समोर लॅपटॉप आणि वरच्या खिशात मोबाइल. पेन ड्राइव्ह हातात घेतला की तो क्षणभर डोळे मिटायचा आणि तळहातावर त्याचं वजन करायचा.

"लेखात जीव आहे, सर. बिचाऱ्याला वाट मिळत नाहीये, एवढंच."

"तुम्ही म्हणजे अगदी..." समोरचा गहिवरायचा.

"मी काही करत नाही हो. ज्ञान म्हणजे वाहतं पाणी. मी नुसता नळ."

एवढ्यात त्याच्या खिशातून 'कुहू' असा आवाज यायचा. ईमेल आला की कोकीळ ओरडेल अशी सोय त्यानं मोबाइलमध्ये करून ठेवली होती. "ऐकलंत? कुणाचा तरी लेख एक पाऊल पुढे सरकला," तो म्हणायचा, आणि बाहेरच्या रांगेतून एक समाधानाचा सुस्कारा जायचा. गणिताच्या विभागप्रमुखांनी आयुष्यभर संभाव्यता शिकवली. त्यांनीसुद्धा एकदा कुहू ऐकून डोळ्यांना रुमाल लावला होता म्हणतात.

हसण्याआधी या मंडळींची अडचण समजून घ्या. बढती हवी तर छापलेले शोधलेख दाखवा, असा नियम. वर्गात काय शिकवता, पोरांना काही समजतं का, हे कुणी विचारत नाही. लेख पाठवावा, तर वर्षभरानं 'खेद वाटतो' असं लिहून परत यायचा. बुवाच्या हातून गेलेला लेख मात्र महिन्याभरात छापून यायचा. एकाचा आला, दुसऱ्याचा आला, आणि मग कुणाला पुराव्याची गरज उरली नाही.

या रांगेत एक माणूस कधीच दिसला नाही. ते म्हणजे आपले चमत्कारवाले सर.

सर पदार्थविज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावी जाऊन बुवाबाजीची पोल खोलायचे. हवेतून राख काढायची, पाण्याचा रंग बदलायचा, काडी न लावता आग पेटवायची आणि मग त्यामागचं रसायन समजावून सांगायचं. त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग होता बंद पाकिटाचा. एक बुवा म्हणे बंद पाकिटातला प्रश्न न उघडता वाचायचा आणि उत्तर द्यायचा. सर त्याच्याकडे कोरा कागद पाकिटात घालून घेऊन गेले. बुवा डोळे मिटून म्हणाला, "मुलीच्या लग्नाची चिंता आहे, या वर्षी उरकेल." सरांनी सगळ्यांसमोर पाकीट फाडलं. तेव्हापासून हा किस्सा ते जिथं जातील तिथं सांगायचे. त्यांच्या बायकोला तो पाठ झाला होता. सर कुठं श्वास घेतात तेसुद्धा.

असा माणूस प्रकाशनबुवाच्या रांगेत कशाला उभा राहील? सर रांगेत नव्हते. सरांच्या केबिनमध्ये बुवा स्वतः चहाला यायचा, खिशातल्या कुहूसकट. कारण कॉलेजच्या संशोधन-त्रैमासिकाचे संपादक सर होते.

आता संपादकाचं दुःख. शास्त्रीय लेख छापण्याआधी तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला पाठवतात. प्रयोग नीट केलाय का, निष्कर्ष ओढूनताणून काढलेत का, हे त्यांनी बघायचं आणि स्पष्ट लिहून कळवायचं. हे परीक्षकाचं काम फुकटचं. त्यामुळे जाणकार ते कसं करतात, तर नको असलेल्या लग्नाला जावं तसं. उशिरा येतात, तोंड वाकडं करून बसतात आणि जाताना जेवणाला नावं ठेवतात. कुणी आठ महिने उत्तर देत नाही, कुणी 'हा लेख माझ्याकडे कोणत्या अकलेनं पाठवलात' असं विचारतं. सर रोज संध्याकाळी घरी येऊन याच माणसांच्या नावानं बोटं मोडायचे.

बुवानं एकदा चहाचा घोट घेत सुचवलं, "सर, तुम्ही परीक्षक शोधत कशाला हिंडता? लेखकांनाच नावं सुचवू द्या ना. मोठमोठी जर्नल्स तसं करतात. नाव, विद्यापीठ, ईमेल, सगळं लेखकच देईल. तुम्ही फक्त पाठवायचं."

हे काही खोटं नव्हतं, पुष्कळ ठिकाणी तसं करतात. सरांनी त्रैमासिकात ती पद्धत सुरू केली. आणि चमत्कार झाला.

परीक्षक वेळेवर उत्तर द्यायला लागले.

वेळेवर म्हणजे दुसऱ्या दिवशी. तेही तीनच्या तीन परीक्षक. भाषा नम्र, सूचना किरकोळ, तक्रार शून्य. दूरदूरच्या विद्यापीठांतले नामांकित लोक सरांच्या छोट्याशा त्रैमासिकासाठी रात्रीचा दिवस करत होते. एरवी हवेतून पडलेली राख चिमटीत धरून 'ही आली कुठून?' असं विचारणाऱ्या सरांना एकदाही वाटलं नाही की हे उत्तर आलं कुठून ते बघावं. त्यांना वाटलं, आपल्या त्रैमासिकाचा दर्जाच तसा आहे!

त्यातून एका परीक्षकानं लिहिलं, 'अशा संपादकांमुळेच विज्ञान जिवंत आहे.' लिहिणाऱ्या एक वृद्ध विदुषी होत्या, मातीच्या अभ्यासात मोठं नाव. सरांनी ते वाक्य जेवताना बायकोला वाचून दाखवलं. भात वाढताना परत दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण हे लेखाबद्दल आहे की तुमच्याबद्दल?"

"अगं, दोन्ही एकच!"

बायको डॉक्टर होती. घराजवळच तिचा दवाखाना होता आणि कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलची तपासणीही तीच करायची. तिनं आमटी वाढली.

याच काळात पाण्याचा तो लेख आला. लेखक कॉलेजातलाच तरुण रसायनवाला, मान खाली घालून चालणारा, बढती अडकलेला. एका झाडाच्या बियांची पूड कापडी पिशवीत भरून टाकीत सोडली की पाणी निर्मळ होतं, उकळायची गरज नाही, असा त्याचा दावा. तीन परीक्षकांनी लेख डोक्यावर घेतला. सरांनी तो पहिल्या पानावर छापला, वर स्वतःचं संपादकीय जोडलं, 'साध्या माणसाचं विज्ञान'. प्राचार्य भलतेच खूश झाले. त्यांनी होस्टेलच्या टाकीत पिशव्या सोडल्या आणि पाणी उकळायचा गॅस बंद केला. पाणीखात्याच्या अधिकाऱ्यांनी तर शहरातल्या सगळ्या शाळांना पिशव्या द्यायचं ठरवलं. त्रैमासिकाला पंचवीस वर्षं होत होती. त्या सोहळ्यातच ही घोषणा व्हायची होती, आणि तिन्ही परीक्षकांचा, ते आले नाहीत तरी, सन्मानचिन्ह देऊन गौरव व्हायचा होता. चिन्हं तयार होऊन घरी आली होती. जड होती, काचेची. सर येता-जाता ती पुसायचे.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, बायको दवाखान्यातून आली ती पर्स कोचावर टाकूनच बोलायला लागली.

"होस्टेलच्या मुली आजारी पडल्यात. सकाळपासून उलट्या-जुलाब. दोघींना सलाइन लावलं. आता बऱ्या आहेत, पण मी टाकीचं पाणी बंद करायला लावलं आणि गॅस परत सुरू करायला लावला. नमुना तपासायला दिलाय."

"पाणी तर स्वच्छ आहे, मी स्वतः बघितलंय," सर म्हणाले. "आरपार दिसतं."

"आरपार दिसतं!" ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, पाण्याचा पेला वर धरून लोकांना 'डोळ्यांवर जाऊ नका' म्हणून सांगतं कोण? गढूळपणा खाली बसला असेल. जंतू गेले हे तपासलं कुणी?"

"तीन तज्ज्ञांनी."

"त्यांनी पाणी तपासलं?"

"नाही, लेख तपासला."

"वाचला तरी का?"

"वाचल्याशिवाय इतकं चांगलं कसं लिहितील?" सर म्हणाले आणि तिचं समाधान करायला मोबाइलवर पहिल्या परीक्षकाचा अभिप्राय उघडून दिला. तिनं वाचला. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा.

"तीन मोठी माणसं," ती सावकाश म्हणाली. "तिघंही दुसऱ्या दिवशी उत्तर देतात. एकालाही तक्त्यात चूक सापडत नाही. एकही खेकसत नाही. इतकी वर्षं मी रोज जेवताना तुमच्या परीक्षकांच्या कहाण्या ऐकतेय. तुम्हाला हे विचित्र वाटलं नाही?"

"मला वाटलं..." सर थांबले. काय वाटलं ते सांगण्यासारखं नव्हतं.

"यातल्या एकाशी तरी फोनवर बोललात कधी?"

सर बोलले नव्हते. पत्ता लेखकानं दिला, लेखकाला बुवानं दिला आणि सरांनी त्यावर निमूट पाठवलं. त्यांनी मातीवाल्या विदुषींच्या संस्थेची वेबसाइट काढली. तिथला त्यांचा ईमेल वेगळाच होता. फोन नंबरही होता. सरांनी फोन लावला. बऱ्याच वेळानं एक खरखरीत आवाज आला.

सरांनी ओळख सांगितली, आभार मानले, पाण्याच्या लेखाचा विषय काढला.

"पाणी?" पलीकडून आवाज आला. "मी माती बघते. पाण्याचा लेख मला कोण कशाला पाठवेल?"

"पण बाई, आपण अभिप्राय दिलात. दुसऱ्याच दिवशी."

"दुसऱ्या दिवशी?" बाई मोठ्यानं हसल्या, मग खोकल्या. "अहो संपादक, गेल्या वर्षी आलेले लेख माझ्या टेबलावर अजून पडलेत. मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं यावर तुम्ही विश्वास ठेवलातच कसा?"

सरांनी फोन ठेवला. कान तापले होते. बायको समोर चहा घेऊन बसली होती.

"विज्ञान जिवंत आहे का?" तिनं विचारलं.

"टोमणे नंतर मार," सर म्हणाले. "मला जरा विचार करू दे."

"विचार कसला? तुमच्या शोमध्ये काय करता? पाकिटात कोरा कागद घाला."

सरांनी लॅपटॉप उघडला. एक फाइल तयार केली, नाव दिलं 'सुधारित लेख'. आत काहीच लिहिलं नाही. नाव नाही, शब्द नाही, आकडा नाही. ती कोरी फाइल तिन्ही परीक्षकांना पाठवली आणि लिहिलं, 'आपला अभिप्राय तातडीनं हवा.'

बायकोचा चहा संपायच्या आत पहिलं उत्तर आलं. 'लेखाची मांडणी अत्यंत सुटसुटीत आहे. लेखकाने अनावश्यक विस्तार टाळला आहे.' मागोमाग दुसरं, 'निष्कर्ष पुराव्यांशी पूर्णपणे सुसंगत आहेत. जरूर छापावा.' तिसऱ्याला जरा वेळ लागला, कारण त्यात संपादकांची स्तुती होती.

बायको हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सरही हसले, आणि मग एकाएकी त्यांच्या डोळ्यांसमोर सलाइन लावलेल्या त्या दोन मुली आल्या. त्यांना लाज वाटली. खूप वाटली.

"आता?" बायकोनं विचारलं.

संध्याकाळी सरांनी प्राचार्यांना फोन केला. प्राचार्य ऐकून घाबरले, मग सावध झाले.

"हे बघा सर, उद्याचा सोहळा होऊन जाऊ द्या. पाणीखात्याला मी हळूच थांबवतो. पुढच्या एखाद्या अंकात, मागच्या पानावर, बारीक अक्षरात छापू, 'काही तांत्रिक कारणाने' वगैरे. कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे. आणि तुमच्याही. गावोगावी भोंदूंना पकडणारा माणूस स्वतःच..." पुढचं बोलायची गरजच नव्हती.

सरांनी 'बघतो' म्हणून फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्यांना तो सल्ला आवडला होता. बारीक अक्षर, मागचं पान, किती सुरेख तोडगा! आयुष्यभर कमावलेलं नाव शाबूत, वर काचेची चिन्हंही वाया जात नाहीत. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"ज्या शाळांनी अंक वाचून आधीच पिशव्या टाकल्या असतील, त्या मागचं पान वाचतील का?" तिनं एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत प्राचार्य, पाणीखात्याचे अधिकारी आणि बरोबर मध्ये प्रकाशनबुवा, नव्या शर्टात. त्याच्यामागे त्याची शनिवारची सगळी रांग. मंचावर पडदा लावला होता आणि त्यावर सरांच्या लॅपटॉपचं चित्र पडत होतं.

सर माइकपाशी आले. घसा खाकरला. सवयीनं त्यांनी बंद पाकिटाचाच किस्सा काढला, आणि बायको तिसऱ्या रांगेत डोळे मिटून बसली, कारण पुढचा शब्द तिला ठाऊक होता. किस्स्यातल्या बुवानं कोऱ्या कागदावर मुलीचं लग्न जमवलं तिथं हॉल नेहमीसारखा खदखदला.

"आता," सर म्हणाले, "याच प्रयोगाचा दुसरा भाग. आपल्या त्रैमासिकाचे तीन थोर परीक्षक आज येऊ शकले नाहीत. ते फार लांब राहतात. आपण त्यांना इथूनच एक-एक लेख पाठवू."

पडद्यावर त्यांनी एक फाइल उघडून दाखवली. कोरी. लोकांना वाटलं काहीतरी बिघडलंय. सरांनी ती पहिल्या परीक्षकाला पाठवली.

पहिल्या रांगेत आवाज झाला. 'कुहू.'

दोन-चार माना वळल्या. बुवानं खिशावर हात ठेवला आणि मंद हसला, 'कुणाचा तरी लेख पुढे सरकला' अशा अर्थाचं. सरांनी दुसऱ्या परीक्षकाला फाइल पाठवली.

'कुहू.'

आता अख्खा हॉल पहिल्या रांगेकडे बघत होता. बुवा मोबाइल बाहेर काढून धडपडत होता. आवाज बंद करायचं बटण घामेजल्या बोटांना सापडत नव्हतं. सरांनी मुद्दाम जरा थांबून मातीवाल्या विदुषींना फाइल पाठवली.

'कुहू,' विदुषी बुवाच्या हातातून ओरडल्या.

"एकदा झालं तर योगायोग," गणिताचे विभागप्रमुख मागून भसाड्या आवाजात म्हणाले. "तीनदा नाही." इतक्या दिवसांत त्यांनी संभाव्यता प्रथमच वर्गाबाहेर वापरली होती.

बुवा उठून उभा राहिला. आवाज अजून मऊच होता. "गैरसमज होतोय. मी काही करत नाही. ज्ञान म्हणजे वाहतं पाणी, मी नुसता नळ..."

"हो ना," तिसऱ्या रांगेतून डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग आधी नळच बंद करू या."

हॉल फुटला. हसण्याचा, खुर्च्या सरकण्याचा, 'माझ्या लेखाचं काय?' असं विचारणाऱ्या आवाजांचा एकच गोंधळ उडाला. दरवाज्यापर्यंत पोचलेल्या बुवाला त्याच्याच भक्तांनी घेरलं. कालपर्यंत ज्यांनी त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते, ते लोक आज त्याची कॉलर धरायला निघाले होते.

"थांबा!" सर माइकवरून ओरडले. "त्याला हात लावू नका. त्याची रीतसर तक्रार होईल. अजून खेळ संपला नाही. अर्धा भोंदू पकडला, अर्धा मंचावर उभा आहे."

लोक थांबले. सरांनी मग सगळं उलगडून सांगितलं. नावं खऱ्या विद्वानांची, पत्ते मात्र या गृहस्थानं त्यांच्या नावानं उघडलेले. लेखक तेच पत्ते त्रैमासिकाला देतो. संपादक त्यावर लेख पाठवतो. लेख जातो याच्या खिशात, आणि हा स्वतःच तीन विद्वान होऊन उत्तर देतो.

"हातचलाखी एवढीच," सर म्हणाले. "राख बाहीतून काढायलासुद्धा याहून जास्त सराव लागतो. पत्ता खरा आहे का, हे संस्थेच्या वेबसाइटवर बघायला मला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नसता. मी बघितलं नाही. का बघितलं नाही, ते पण ऐका." आणि त्यांनी पडद्यावर ते वाक्य आणलं, 'अशा संपादकांमुळेच विज्ञान जिवंत आहे.' "हे मी घरी दोनदा वाचून दाखवलं. लग्नाच्या चिंतेत असलेल्या बापाला बुवा लग्न जमवून देतो. मला यानं जे हवं होतं ते दिलं."

हसू आलं, पण पहिल्यासारखं नाही.

"छापलेल्या शब्दावर माणसं पाणी पितात," सर म्हणाले. "आपल्या होस्टेलच्या मुली प्यायल्या. काल त्या आजारी पडल्या. लेख छापला मी. मी तो आज, इथं, सगळ्यांदेखत मागे घेतोय. साहेब, पिशव्या वाटू नका. ज्यांनी टाकल्यात त्यांना आजच फोन करा, पाणी उकळा म्हणावं."

पाणीखात्याचे अधिकारी तिथूनच मोबाइल कानाला लावून बाहेर गेले. प्राचार्य खुर्चीतल्या खुर्चीत लहान होत गेले. आणि मागच्या बाजूला तरुण रसायनवाला उभा राहिला. मान अजून खालीच.

"सर, मी ते प्रयोगशाळेतल्या नळाच्या पाण्यावर केलं होतं. ते आधीच शुद्ध केलेलं असतं. मला वाटलं, चुकलं असेल तर परीक्षक सांगतील."

"मला पण तसंच वाटलं," सर म्हणाले. "आणि परीक्षकाला काही वाटायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे आपण तिघांनी मिळून एकही वाचक नसलेला लेख छापला."

पुढचे काही महिने सरांचे हाल झाले. पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, लेख का मागे घेतला आणि चूक कुणाची हे छापलं. प्राचार्य आठवडाभर बोलले नाहीत. बुवाच्या वाटेनं आलेला एकेक लेख नव्यानं खऱ्या माणसांकडे गेला आणि बरेचसे परत आले. सर भाजी घ्यायला गेले तरी कुणीतरी गाठायचं, "काय सर, एक कोरा कागद छापायचाय, होईल का काम?" शोमध्ये तर पोरं आधीच कुहू करायची. काचेचं एक सन्मानचिन्ह बायकोनं दवाखान्यात केसपेपरवर वजन म्हणून ठेवलं. त्यावर अजून 'तत्पर परीक्षक' असं कोरलेलं आहे.

अशाच एका दुपारी सर मोबाइल नाचवत घरात आले.

"अगं, मातीवाल्या बाईंचा अभिप्राय आला! खऱ्या बाईंचा! मातीवरचा लेख पाठवून किती महिने झाले होते!"

"काय म्हणतात?"

"म्हणतात, लेख निकृष्ट आहे, दुसरा तक्ता चुकलाय, आणि असला कचरा पाठवून माझा वेळ घालवणाऱ्या संपादकानं दुसरा धंदा बघावा."

"मग एवढं हसताय काय?"

"तक्ता खरंच चुकलाय!" सर म्हणाले. "त्यांनी वाचलाय गं!"

आजाराचं प्रकरण निवळल्यावर सर होस्टेलमध्ये शो करायला गेले. बायकोनंच पाठवलं. तिथं मुलींसमोर त्यांनी राख काढली, आग पेटवली, आणि शेवटी नेहमीच्या बुवाऐवजी स्वतःचा किस्सा सांगितला, काही न लपवता. मग म्हणाले, "म्हणून सांगतो पोरींनो, भगव्या कपड्यातला सांगो नाहीतर कोट घातलेला, पुस्तकात छापलेलं असो नाहीतर मोठ्या नावाखाली आलेलं, एकच विचारायचं. हे तपासलं कुणी, आणि कसं? उत्तर मिळेपर्यंत मान डोलवायची नाही."

सलाइन लागलेल्या दोघींपैकी एक पुढेच बसली होती. तिनं हात वर केला.

"सर, मग तुम्ही आत्ता सांगताय ते तरी खरं कशावरून? या टाकीचं पाणी तपासलं कुणी?"

मुली खुसखुसल्या. वॉर्डनबाईंनी डोळे वटारले. तपासणीचा कागद आला होता हे त्यांना बायकोनं सांगितलं होतं. त्यांनी स्वतः काही तो बघितला नव्हता.

"मी बघितलं नाही," ते म्हणाले. "चल, डॉक्टरबाईंना फोन लावू आणि तुझ्यासमोरच विचारू. आणि तोवर, बाळा, पाणी उकळूनच पी."